मागावरची पाळी आणि हृदयाचा व्यायाम

‘दिवसभर मागावर उभाच असतो की, मला आणि कसला व्यायाम सांगताय?’ रक्तदाब वाढलेल्या यंत्रमाग कामगाराला रोज चालायला सांगितलं की इचलकरंजीत हे उत्तर ठरलेलं. त्यात राग असतो, आणि तो रास्त आहे. बारा तासांची पाळी. चार, सहा, कुठे आठ माग एकट्याकडे. धागा तुटला की माग थांबवायचा, धागा सांधायचा, कांडी संपली की बदलायची, तोवर पलीकडचा माग बंद पडलेला असतो. पाळी सुटते तेव्हा पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. अशा माणसाला ‘व्यायाम करा’ म्हणणं त्याच्या कष्टांचा अपमान वाटावा, यात नवल नाही. तरीही वैद्यकशास्त्र हे कष्ट व्यायामात धरत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून हे शहर मागाच्या तालावर जगत आलंय, म्हणून हे कष्ट व्यायामात का धरत नाहीत, ते इथे नीट सांगायला हवं.

व्यायाम आणि हृदयविकार यांचं नातं पहिल्यांदा ठोसपणे दिसलं तेही कामगारांमध्येच. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटं फाडत जिन्याने खाली-वर करत असे. दोघं एकाच बसमधले, एकाच थरातले. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की हृदयविकार कंडक्टरांमध्ये चालकांपेक्षा कमी होता आणि झालाच तर उशिरा व सौम्य होता. यावरून वाटेल, की मागवालाही कंडक्टरच्याच बाजूचा.

तसं नाही. २०२१ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी एक लाख चार हजार प्रौढांची माहिती तपासली. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता. ज्यांच्या कामातच शारीरिक कष्ट जास्त, त्यांना मात्र तो वाढलेला होता. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब करूनही फरक उरलाच. त्याआधी, २०१८ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सात हजारांहून अधिक कामगारांच्या बारा वर्षांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. प्रामुख्याने उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयरोगाचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला.

असं का होतं? अर्धा तास झपाझप चाललं, की नाडी वाढते आणि रक्ताचा वेग वाढतो. वाहतं रक्त धमनीच्या आतल्या अस्तराला घासून जातं. त्या घर्षणाने अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि धमनी सैल होते. मग माणूस थांबतो. पुढचे काही तास रक्तदाब आधीपेक्षा खाली राहतो, स्नायू रक्तातली साखर शोषत राहतात. काही आठवडे हे सातत्याने घडलं तर विश्रांतीच्या वेळची नाडीही मंदावते. जोर आणि विसावा दोन्ही मिळाले तरच हृदय तयार होतं. मागावर दोन्ही नाहीत. नाडी हृदयाला कस लागेल इतकी चढत नाही, आणि बारा तास पुरती उतरतही नाही. इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं, बाकी उभं राहणं. पोटऱ्या नीट आवळल्या जात नाहीत, रक्त पायांच्या शिरांत साठतं आणि हृदयावर ताण येतो. त्यात धोट्यांचा खडखडाट. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं. कानाला या आवाजाची सवय होते, शरीराला होत नाही. ते तो धोक्याची खूण मानतं आणि रक्तवाहिन्या आवळून धरतं. वर रात्रपाळी, आणि झोप मारायला गालात धरलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन पुन्हा नाडी आणि दाब चढवतं. याला ‘जीवनशैलीचा आजार’ म्हणताना माझा हात अडखळतो, कारण यातलं फार थोडं त्या माणसाने स्वतः निवडलेलं असतं.

मागावर हृदयाबरोबर फुप्फुसंही भरडली जातात, आणि त्यांची गोष्ट आणखी जुनी आहे. जवस आणि भांगेच्या झाडाचे तंतू पिंजणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल इटलीचे डॉक्टर रामाझ्झिनी यांनी १७०० सालीच लिहून ठेवलं. सुताच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विलक्षण आहे: सुट्टीनंतर कामावर परतलं, की पहिल्याच दिवशी छाती आवळते, आणि आठवडा सरताना बरं वाटू लागतं. म्हणून माणूस म्हणतो, ‘सुट्टीत काहीतरी बाधलं.’ खरं कारण बहुधा कापसाच्या बोंडाबरोबर येणाऱ्या जिवाणूंचं विष. ते धुळीवर बसून श्वासनळ्यांत जातं, नळ्या सुजतात, आकसतात. वर्षानुवर्षं हे चाललं, की आठवडाभर दम लागतो, मग कायमचाच. सर्वात जास्त धोका सूतगिरणीत कापूस पिंजणाऱ्यांना. मागावर तो कमी, पण आहेच. ताण्याला लावलेल्या खळीचा भुगा आणि कापसाची तुसं मागाच्या सांगाड्यावर, पत्र्याच्या छताला लोंबताना दिसतात, तीच छातीतही जातात. बिडी-सिगारेट असेल तर नुकसान कितीतरी वाढतं. आणि गूळ खाल्ल्याने धूळ निघून जाते, या समजुतीवर विसंबू नये. गूळ जठरात जातो, धूळ श्वासनळीत असते.

बिघडलेलं फुप्फुस व्यायामाने दुरुस्त होत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तरीही दमेकऱ्याला चालायला लावतात, कारण फायदा पायांत होतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून मांड्या रोडावतात. रोडावलेल्या स्नायूला तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, आणि दम आणखी वाढतो. हळूहळू चालणं वाढवत नेलं की स्नायू मिळेल त्या प्राणवायूत जास्त काम करायला शिकतात. तेच फुप्फुस, पण माणूस जिना चढून जातो.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. पूर्वी सलग किमान दहा मिनिटांची अट होती, २०२० साली ती काढून टाकली. पाळीवाल्याला हे फार मोलाचं आहे. कामाला जाताना दुचाकी थोडी लांब लावून पाच-सात मिनिटं भरभर चालणंही आता हिशेबात येतं. छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

पण सगळा भार कामगारावर टाकून चालणार नाही. बारा तासांनंतर व्यायामाला वेळ कुठला? अगदी थोडे कामगार असलेल्या कारखान्याला कारखान्यांचा कायदा साधारणपणे लागू होत नाही, आणि इथले कितीतरी कारखाने तेवढेच लहान. झाडून धूळ उडवण्याऐवजी ती यंत्राने ओढून घेणं, पाळीत टेकायला स्टूल आणि दोनदा खरी सुट्टी देणं, कानाला बोळे पुरवणं, हे मालकाच्या हातात आहे. आणि गादीवर बसून सौदे करणाऱ्या मालकाने, वह्या लिहिणाऱ्या दिवाणजीने स्वतःलाही लंडनच्या बसचालकाच्या जागी धरावं. त्यांना तर हे १५० मिनिटांचं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं.

दवाखान्यात गेल्यावर ‘मागावर किती वर्षं आहे आणि छाती कोणत्या दिवशी आवळते’ हे न विचारताही सांगावं. नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री चाचणी शक्यतो सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा करून घ्यावी. दोन आकड्यांत ठळक घट दिसली तर नळ्या त्या दिवशीच्या धुळीने आकसल्या असण्याची शक्यता मोठी असते, आणि या टप्प्यावर धुळीपासून दूर झालं तर त्या अजून मोकळ्या होऊ शकतात.