विश्लेषण : डॉक्टरांचा इन्डेम्निटी विमा ऐन वेळी का उपयोगी पडत नाही?

उपचारांत हलगर्जी झाल्याचा आरोप झाला तर भरपाई आणि वकिलाचा खर्च कोण देणार? त्यासाठी डॉक्टर ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ विमा घेतात. हप्ता भरला की काळजी मिटली, असा अनेकांचा समज असतो. खरी गोम मात्र पॉलिसीवरच्या एका तारखेत आहे.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात दिला. पुढे २०१३ मध्ये कोलकात्यातील एका महिला रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी याच न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये भरपाई मंजूर केली. बहुतांश रक्कम रुग्णालयाने द्यायची होती. तरी डॉक्टरांच्या वाट्यालाही काही लाख आलेच.

ती तारीख कोणती?

आपल्याकडील या पॉलिसी सहसा ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात. म्हणजे उपचार केले तेव्हाची नव्हे, तर दावा येतो तेव्हा चालू असलेली पॉलिसी कामी येते. शिवाय उपचार पॉलिसीतील ‘रेट्रोअॅक्टिव्ह डेट’नंतरचे असावे लागतात. ही बहुधा पहिल्या पॉलिसीची तारीख असते. नूतनीकरणात खंड नसेल तर ती कायम राहते.

समजा, सांगलीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञाने जुलै २०२३ मध्ये शस्त्रक्रिया केली. ऑगस्ट २०२४ मध्ये नूतनीकरण राहून गेले. ऑक्टोबरमध्ये नवी पॉलिसी घेतली, तीही नव्या तारखेची. मे २०२५ मध्ये नोटीस आली. शस्त्रक्रियेच्या दिवशी विमा होता आणि नोटीस आली तेव्हाही होता, तरी विमा कंपनी हात वर करू शकते. दहा वर्षे भरलेले हप्ते इथे मोजले जात नाहीत. फटका रुग्णालाही बसतो, कारण भरपाई याच पैशांतून मिळणार असते.

दवाखाना बंद केला म्हणून पॉलिसी लगेच बंद करणेही धोक्याचे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि सबळ कारण असल्यास विलंब माफही होतो.

नशेत केलेले उपचार किंवा न्यायालयाने ठोठावलेला दंड यांना संरक्षण नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार वैद्यकीय निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती कोणताही विमा भोगत नाही.

नोटीस हाती पडताच विमा कंपनीला लेखी कळवावे लागते. नातेवाइकांशी परस्पर तडजोड केली किंवा चूक लिहून दिली, तर दावा नाकारण्याचे आणखी एक कारण कंपनीला मिळते.