गाडीचा ‘सिम’

गॅस सिमवर ठेवला की ज्योत भक्कन विझायला लागली, तर आपण काय करतो? शेगडी काही फेकून देत नाही. बर्नर काढतो, घासतो, भोकांत पिन घालतो. आमच्या जुन्या पेट्रोल व्हॅनला नेमका हाच आजार झाला होता. कळायला मात्र दोन महिने गेले.

एक्सलेटरवरून पाय काढला की गाडी बंद. सिग्नलला बंद, चौकात बंद. मागून हॉर्न आणि “बाई चालवतायत” हे ठरलेलं. तेही सोसलं. पण पाथर्डीकडच्या एका गरोदर मुलीला सोनोग्राफीसाठी नगरला आणत होते (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच). करंजी घाटात उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन गप्प! इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत संपते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. सगळं वजन टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी कडेला घेतली. ती मुलगी काही बोलली नाही. नुसती पोटावर हात ठेवून बसून राहिली.

एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता आठ हजारांचा खर्च सांगितला. तोही मला नाही, ह्यांना! लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ संस्था आमच्या नगरची, रणगाडा संग्रहालयही नगरचंच. मुलांना हौसेने रणगाडे दाखवले, पण स्वतःच्या गाडीत पाणी-ऑइल बघण्यापलीकडे मी कधी डोकावले नव्हते.

शेवटी बचतगटातल्या एकीचा दीर मिस्त्री आहे, त्याला गाठलं. तो म्हणाला, “ताई, पाय ठेवला की नीट चालते ना? मग पेट्रोल आणि स्पार्क बहुतेक ठीक आहे. हवा कमी पडतीय.”

पाय काढला की हवेची मोठी झडप मिटते. तेव्हा इंजिनला श्वास घ्यायला बाजूने एक बारीक वाट असते. तिच्या तोंडाशी बसतो आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. गाडीतला कॉम्प्युटर त्याची टोकदार पिन गरजेप्रमाणे मागेपुढे करतो. इंजिनातली तेलकट वाफ आणि धूळ यांचं काळं कीट तिथे साचतं आणि पिन अडकते. (बऱ्याच नव्या गाड्यांत मोठी झडपच इलेक्ट्रॉनिक असते, हा व्हॉल्व्ह वेगळा नसतो. तिथे हात घालू नका.)

त्याने आधी हवेचे रबरी पाइप चाचपले. चिरलेल्या पाइपनेही असंच होतं. मग गाडी गरम झाल्यावर मला हेडलाइट आणि पंखा लावायला सांगितला. इंजिनचा आवाज खाली जातो, पण क्षणात सावरायला हवा. आमचा खालीच गेला आणि विझला.

व्हॉल्व्ह मी काढला, तो शेजारी उभा होता. इंजिन थंड, बॅटरीची मायनस वायर सुटी. वायरचा प्लग काढला, दोन स्क्रू सोडवले. योग्य मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाचा झिजतात. पिनेवर काजळीचा डांबरासारखा थर! थ्रॉटल क्लीनरचा फवारा आणि जुना टूथब्रश. व्हॉल्व्हचं टोक खाली धरायचं, म्हणजे पाणी... म्हणजे ते औषध मोटरमध्ये उतरत नाही. पिन बोटाने दाबायची किंवा ओढायची नाही, आतले दाते तुटतात. हवेची वाटही पुसून घेतली, रबरी रिंग नवी घातली. हा फवारा पेट घेतो, त्यामुळे सगळं अंगणात, चुलीपासून लांब.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा गाडी जोरात रेस झाली आणि मी घाबरले. मिस्त्री हसला. “एक्सलेटरला हात लावू नका, तिला जमवून घेऊ द्या.” दहा-एक मिनिटांत आवाज एकसारखा झाला. नसता झाला, तर मोटरच गेली समजून नवा व्हॉल्व्ह आणावा लागला असता.

पुढच्या महिन्यात त्याच मुलीला तपासणीसाठी आणलं. घाट आला तशी तिने दाराची कडी घट्ट धरली. मी तिला सांगितलं, व्हॉल्व्ह साफ केलाय. करंजी मागे पडल्यावर तिने विचारलं, “ताई, आमच्या ह्यांच्या टेम्पोला पण असतो का हो तो?”