जंगलात तग धरायला एकनळी शॉटगन पुरेल का?

आजचा विषय अमेरिकेतल्या सर्व्हायव्हलवाल्यांच्या आवडीचा: सिंगल-शॉट शॉटगन. बिजागरीवर नळी खाली वाकवायची, एक काडतूस घालायचं, नळी बंद करायची, घोडा मागे ओढून चाप दाबायचा. बस्स. मॅगझिनच नाही, त्यामुळे त्यात काडतूस अडकायची भानगड नाही. माझ्यातल्या कोडरला हे पटतं: भाग कमी, तर बिघाड कमी. वजन साधारण अडीच-तीन किलो, किंमतही कमी. बारीक छर्रे घातले की पक्षी, ससा. एकसंध स्लग घातला की हरीण.

आता तोटे. बंदूक हलकी, म्हणून खांद्याला दणका जोरात बसतो. बारीक छर्ऱ्यांचा पल्ला जेमतेम ३५-४० मीटर. १२ गेजची १०० काडतुसं म्हणजे चार-पाच किलोचं ओझं; पॉइंट २२ रायफलच्या तेवढ्याच गोळ्या अर्ध्या किलोच्याही आत बसतात. आणि मुख्य म्हणजे दुसरा बार लगेच नाही. ससा हुकला तर एक जेवण जातं. अलास्कात अस्वल अंगावर आलं तर काय जाईल, हे सांगायला नको.

म्हणून माझं मत: पोटासाठी चालेल, पण जिवासाठी हिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. आणि हो, भारतात हीसुद्धा परवान्याशिवाय बाळगता येत नाही!