टेबलाच्या नावात दडलेली आज्ञा

मायएसक्यूएलमध्ये टेबलाला नाव देताना बरीच मोकळीक असते. नाव बॅकटिकच्या खुणांमध्ये घातलं की त्यात मोकळी जागा चालते, अवतरणचिन्ह चालतं, < आणि > हे कंसही चालतात. लांबीची मर्यादा ६४ अक्षरांची. आता ६४ अक्षरांत काय काय मावतं पाहा: चित्र दाखवायचा एचटीएमएल टॅग, त्या चित्राचा मुद्दाम चुकीचा दिलेला पत्ता आणि ‘चित्र मिळालं नाही तर हे कर’ असं सांगणारा जावास्क्रिप्टचा तुकडा. एवढं बसून वर जागा उरते. मायएसक्यूएलला या नावात काहीच वावगं दिसत नाही. पण तेच नाव वेबपानावर जसंच्या तसं छापलं गेलं, की ब्राउझर चित्र शोधायला जातो, ते सापडत नाही आणि तो तुकडा चालतो.

जानेवारी २०२५मध्ये, ब्राउझरमधून मायएसक्यूएल हाताळू देणाऱ्या पीएचपीमायॲडमिनच्या चमूनं जाहीर केलेला एक दोष नेमका याच जातीचा होता. टेबलं तपासून पाहण्याची जी सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथं डेटाबेसच्या किंवा टेबलाच्या नावातून स्क्रिप्ट घुसवता येत होती. ‘इन्सर्ट’ टॅबमध्येही असाच एक दोष निघाला. ५.२.२ या आवृत्तीत दोन्ही बुजवले गेले. गंमत म्हणजे २०१८च्या डिसेंबरमध्ये डाव्या बाजूला दिसणाऱ्या डेटाबेसांच्या यादीतही हाच प्रकार सापडला होता. तिथंही हत्यार तेच, टेबलाचं नाव.

पीएचपीमायॲडमिन म्हणजे काय हे आपल्याकडच्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना सांगावं लागत नाही. झॅम्प उतरवायचं, अपाची आणि मायएसक्यूएल सुरू करायचं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडायचं. शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रोजेक्ट याच पडद्यावर उभे राहिले आहेत. टोबियास राटशिलर यांनी १९९८मध्ये त्याची सुरुवात केली. पुढं त्यांना वेळ देता येईना, तेव्हा २००१मध्ये ऑलिव्हिए म्युलर, मार्क डेलील आणि लोइक शापो या तिघांनी काम हाती घेतलं. तेव्हापासून ते स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलं आहे. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये ते आयतंच मिळतं, त्यामुळं लहान दुकानदाराच्या वेबसाइटमागंही बहुधा तेच असतं.

ज्या दोषाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग किंवा थोडक्यात एक्सएसएस म्हणतात. अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेनं २ फेब्रुवारी २०००ला त्यावर इशारा काढला, म्हणजे दुखणं पाव शतक जुनं आहे. मुळाशी कारण साधं आहे. एचटीएमएलमध्ये मजकूर आणि आज्ञा एकाच प्रवाहातून येतात. कुठला भाग वाचायचा आणि कुठला पाळायचा हे ब्राउझर केवळ चिन्हांवरून ठरवतो. परक्यानं लिहिलेला मजकूर छापताना ‘<’च्या जागी ‘&एलटी;’ लिहिलं, तर तो मजकूरच राहतो; विसरलं तर पान बनवणाऱ्याच्या अधिकारात परक्याची आज्ञा चालते. २००५च्या ऑक्टोबरमध्ये सॅमी कामकार या तरुणानं मायस्पेसवर हे करून दाखवलं. त्याचं प्रोफाइल पाहणाऱ्याच्या प्रोफाइलवर स्क्रिप्टची प्रत उतरायची आणि सॅमी आपोआप ‘मित्र’ व्हायचा. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांना लागण झालेली होती.

मायस्पेसवर गेली ती अब्रू. डेटाबेसच्या व्यवस्थापनाच्या पडद्यावर हेच घडलं तर प्रकरण वेगळ्या पातळीवर जातं, आणि माझ्या मते याची जाणीव पुरेशी झालेली नाही. या सॉफ्टवेअरचं कामच मुळी दुसऱ्यांचा मजकूर दाखवण्याचं. ग्राहकानं फॉर्ममध्ये भरलेला पत्ता, कुणीतरी दिलेलं कॉलमचं नाव, आयात केलेल्या फाइलमधल्या ओळी, सर्व्हरनं परत पाठवलेला एररचा संदेश: पानावर स्वतःचं असं फार थोडं. आणि हे पान पाहणारा मात्र असा माणूस, की ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या आहेत.

समजा एकाच सर्व्हरवर दहा जणांचे डेटाबेस आहेत. त्यांतल्या एकाला फक्त स्वतःच्या डेटाबेसात टेबल बनवायची मुभा आहे. तो वर सांगितलेल्या धाटणीचं नाव देऊन टेबल बनवतो आणि गप्प बसतो. काही दिवसांनी रूट अधिकार असलेला प्रशासक नेहमीच्या देखभालीसाठी टेबलं तपासायला घेतो. स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॉगिनखाली चालते. पीएचपीमायॲडमिन बदल करणाऱ्या विनंत्यांबरोबर एक गुप्त टोकन मागतं, पण स्क्रिप्ट त्याच पानावर असल्यानं ते टोकन तिला वाचता येतं. कुकी स्क्रिप्टपासून लपवणारी एचटीटीपी-ओन्ली ही सोयही इथं फारशी कामाची नाही, कारण कुकी चोरण्याची गरजच नसते. ब्राउझर ती आपणहून पाठवतो. मग नवा वापरकर्ता तयार करा, इतर नऊ जणांचा विदा वाचा, आणि सर्व्हरची मांडणी ढिली असेल तर क्वेरीचं उत्तर फाइलमध्ये लिहिण्याच्या सोयीनं थेट यंत्रावर पाय रोवा. प्रशासकानं चूक काय केली? त्यानं यादी उघडली.

असं प्रत्यक्षात घडतं का, अशी शंका घेणाऱ्यांनी अपाची फाउंडेशननं स्वतःच प्रसिद्ध केलेली २०१०ची हकिगत वाचावी. तिथलं सॉफ्टवेअर डेटाबेसचं नव्हतं, तक्रारी नोंदवण्याचं जिरा होतं, पण धडा तोच. ५ एप्रिलला कुणीतरी तक्रार नोंदवली, की काही प्रकल्प पाहताना एरर येते. सोबत लहान केलेली एक लिंक. ती लिंक जिरामधल्याच एक्सएसएस दोषाकडे नेणारी होती. अडचण काय आहे ते पाहायला काही प्रशासकांनी ती उघडली, आणि त्यांची सत्रं हल्लेखोरांच्या हाती गेली. सोबतीला लाखो पासवर्ड आजमावून पाहण्याचा धोशाही चालू होता. ६ एप्रिलला यांपैकी एक मार्ग फळला आणि जिराचे प्रशासकीय अधिकार मिळाले. पुढं त्यांनी फाइली जोडण्याची जागा बदलली, आपला प्रोग्राम चढवला, लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड टिपायची सोय केली आणि चमूतल्या लोकांना पासवर्ड बदलल्याच्या मेल धाडल्या. लोकांनी आत येऊन आपला जुना पासवर्ड पुन्हा टाकला. त्यातला एक सर्व्हरवरच्या अशा खात्याला लागू पडला, ज्याला सुडोचे पूर्ण अधिकार होते. पडदा दाखवण्यातल्या एका हलगर्जीपणापासून अख्खं यंत्र हातचं जाईपर्यंत फार दिवस लागले नाहीत.

मग पंचवीस वर्षांत हे बंद का झालं नाही? ‘चिन्हं बदलून छापा’ हे बोलायला सोपं आहे. पण तोच मजकूर परिच्छेदात छापताना एक रीत, टॅगच्या गुणधर्मात दुसरी, जावास्क्रिप्टच्या आत तिसरी. पीएचपीमध्ये यासाठी एचटीएमएलस्पेशलकॅर्स हे फंक्शन आहे; वेगळं सांगितल्याखेरीज ते एकेरी अवतरणचिन्हाला हात लावत नसे. ही मूळ सवय बदलायला २०२१मधली ८.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. पीएचपीमायॲडमिननं आपली पानं हळूहळू ट्विग या साच्यांवर नेली, जिथं चिन्हं आपोआप बदलली जातात. धोका उरतो तो अपवादांत: जिथं कुणी हातानं ‘हा मजकूर सुरक्षित आहे’ असं लिहून ठेवलं, किंवा जिथं पान ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टनं जोडलं जातं.

आणि ही एकट्या पीएचपीची खोड नाही. पोस्टग्रेससाठीचं पीजीॲडमिन २०१६मध्ये पायथन आणि वेबवर नव्यानं उभं राहिलं. त्याच्या विकासात एंटरप्राइझडीबीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचाही हात आहे. एप्रिल २०२५मध्ये त्याच्या ९.२ आवृत्तीत जो दोष दुरुस्त झाला, तो क्वेरीचा निकाल दाखवण्यातला होता: टेबलातल्या मजकुरात स्क्रिप्ट असेल तर निकाल पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ती चालत असे. मायटर संस्थेच्या २०२४च्या घातक दोषांच्या यादीत एक्सएसएस पहिल्या क्रमांकावर आहे, ते उगीच नाही.

पीएचपीमायॲडमिनच्या सुरक्षा-सूचनांची लांबलचक यादी पाहून पुष्कळ जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. २००३पासून हा चमू आपले दोष क्रमांक घालून उघडपणे मांडतो आहे. ज्या सॉफ्टवेअरची अशी यादीच नाही, त्याच्याकडे मी अधिक संशयानं पाहीन. खरी जोखीम आहे ती दुरुस्ती येऊनही न बदललेल्या प्रतींची, आणि अशा दोषांवर ‘मध्यम’ असा शिक्का दिसला की काम पुढच्या महिन्यावर ढकलणाऱ्यांची.

तुमच्या संस्थेच्या, पतपेढीच्या किंवा दुकानाच्या वेबसाइटमागं पीएचपीमायॲडमिन असेल, तर त्याच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो ५.२.२च्या आधीचा दिसला तर होस्टिंगवाल्याला आजच फोन करा. हे पान इंटरनेटवर कुणालाही उघडता येत असेल तर ठरावीक पत्त्यांपुरतं मर्यादित करायला सांगा, आणि रोजच्या कामासाठी रूट खातं वापरणं थांबवा.