उंदराची पाठ आणि तेलाची बाटली

खोबरेल, आवळा, मेथी, कांद्याचा रस. केसांचे नुस्खे आपल्या घरांत दादी-नानीपासून चालत आले आहेत. आता त्यांच्या शेजारी नव्या बाटल्या आल्या आहेत आणि त्यांवर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असे ठळक छापलेले असते. आमच्या वाचक भगिनी या बाटल्यांविषयी वरचेवर विचारतात. म्हणून या वेळी एका फळाची खरीखुरी चाचणी कशी झाली, ते सविस्तर पाहू. फळ सफरचंदाचे आहे आणि काम जपानमधील त्सुकुबा येथे झालेले आहे.

क्योवा हाक्को या कंपनीच्या तेथील प्रयोगशाळेत तोमोया ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १००० वनस्पतींचे अर्क तपासले. उंदराच्या केसांच्या मुळांतील पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या आणि कोणत्या अर्काने त्या जास्त वाढतात ते पाहायचे, अशी पद्धत. १९९८ मध्ये त्यांनी द्राक्षाच्या बियांचा अर्क पुढे आणला. अर्काविना झालेली वाढ १०० धरली तर या अर्काने ती सुमारे २३० झाली. पुढच्याच वर्षी सफरचंदातल्या प्रोसायनिडिन बी-२ या घटकाने हा आकडा ३०० च्या आसपास नेला.

पण भांड्यातली पेशी म्हणजे डोके नव्हे. मग जिवंत उंदीर आले.

उंदीरच का, याचे कारण मोठे मजेशीर आहे. आपल्या डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या वेळेने वाढतो, थांबतो आणि गळतो; म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी टक्कल पडत नाही. कोवळ्या वयातल्या उंदराच्या पाठीवरचे केस मात्र जवळजवळ एकाच वेळी झोपतात आणि एकाच वेळी जागे होतात. सात-आठ आठवड्यांच्या उंदराची पाठ अशी झोपेत असते. त्या वेळी केस काढले तर खालची कातडी गुलाबी दिसते. मुळे जागी झाली की त्यांत रंगद्रव्य तयार होऊ लागते आणि केस बाहेर येण्याआधीच कातडी काळपट होते. काही उंदरांना अर्क लावायचा, काहींना अर्क नसलेले नुसते द्रावण, आणि कोणाची पाठ आधी काळवंडते ते पाहायचे. पुष्कळदा तिसऱ्या गटाला मिनॉक्सिडिल लावतात. मुळात रक्तदाबाची गोळी असलेल्या या औषधाचे केसांवर लावायचे द्रावण अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झाले.

(अशा प्रयोगात कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि बहुधा उंदराचा जीव जातो. मुक्या जिवाचा हिशेब मागितला जाणार आहे असे मानणाऱ्यांना हे खटकल्याशिवाय राहणार नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. औषधांच्या संशोधनाला ती लागू नाही.)

सफरचंदाच्या अर्काने उंदरांची झोपलेली मुळे लवकर जागी झाली. यातला 'लवकर' हा शब्द महत्त्वाचा. त्या उंदरांना टक्कल पडलेले नव्हते. अर्क लावला नसता तरी काही आठवड्यांनी केस आलेच असते. पुरुषांचे टक्कल हा वेगळा आजार. त्यात केस वर्षानुवर्षे बारीक होत जातात.

त्सुकुबाच्या मंडळींनी हे ओळखले आणि माणसांवरही चाचणी केली, ही त्यांची वाखाणण्यासारखी बाब. २००१ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. १९ पुरुषांनी सहा महिने १ टक्का प्रोसायनिडिन बी-२ असलेले द्रावण लावले, १० जणांनी नुसते द्रावण. पहिल्या गटात १५ जणांचे केस सरासरीने जाड झाले, दुसऱ्यात ३ जणांचे. अर्धा सेंटिमीटर लांब-रुंद जागेत पहिल्या गटात सरासरी सहा-सात केस वाढले, दुसऱ्यात जवळपास काहीच नाही. निकाल चांगला आहे, पण माणसे अवघी २९ आणि त्यांत एकही स्त्री नाही. सफरचंद किसून डोक्याला चोळल्याने हा शुद्ध केलेला घटक त्या प्रमाणात मिळत नाही, हेही सांगून टाकतो.

आम्हाला त्या तीन माणसांचे जास्त कुतूहल वाटते. औषध नसतानाही त्यांचे केस जाड भरले. हातात बाटली असती तर त्यांनी तिचीच तारीफ केली असती.

बाळंतपणानंतरही नेमके हेच घडते. दोन ते चार महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, सून घाबरते, सासूबाई तेल आणतात. बहुतेकींचे केस वर्षभरात आपोआप भरून येतात आणि मोहल्लाभर त्या तेलाचे नाव होते. उंदराच्या पाठीसारखी तिची मुळेही झोपून पुन्हा उठलेली असतात. या काळात मिनॉक्सिडिल मात्र स्वतःच्या मनाने आणू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते देत नाहीत.

वर्ष उलटूनही गळती थांबली नाही तर तेल बदलत बसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि शरीरात लोह कमी असणे हे केस गळण्याचे एक कारण आहे. थायरॉइडचा बिघाड हे दुसरे. केस रोज घट्ट ओढून बांधल्यानेही कपाळालगतचे केस जातात. तिथे अंबाडाच सैल करावा लागतो. महागड्या बाटलीआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि बाटली घ्यायचीच असेल तर दुकानदाराला एवढे विचारा: हे कोणावर तपासले, आणि नुसते द्रावण लावलेल्यांचे काय झाले?