चेटकिणींची कादंबरी आणि आपल्याकडची भानामती

अ‍ॅलिक्स हॅरो या अमेरिकन लेखिकेची 'द वन्स अँड फ्यूचर विचेस' (2020) ही इंग्रजी कादंबरी मुलीच्या आग्रहावरून वाचली. कथा 1893 सालची. न्यू सेलम या काल्पनिक शहरात तीन बहिणी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीला जुन्या चेटूकविद्येची जोड देतात. मंत्र दडले आहेत ते बडबडगीतांत! कल्पना झकास. (त्याच 1893 मध्ये न्यूझीलंडच्या स्त्रियांनी सह्यांचे अर्ज गोळा करून, कोणत्याही जादूशिवाय मताधिकार मिळवला.) तरीही पुस्तक मिटताना निराशाच झाली.

कारण असे, की या कादंबरीतल्या चेटकिणी खरोखरच चेटकिणी आहेत. म्हणजे आळ घेणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले! खऱ्या सेलममध्ये 1692 साली 19 जणांना फाशी झाली, त्यांत 14 बायका होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही कसलीच जादू येत नव्हती, हीच तर त्या प्रकरणाची भीषणता.

आपल्याला सेलमपर्यंत जायला नको. मराठीतली भानामती, तेलुगूतली बाणामती. जुन्या निजाम राज्याच्या तिन्ही भाषांच्या मुलखात हे भूत आहे. बरकतपुऱ्यापासून मेदक जेमतेम शंभर किलोमीटर. त्या भागात करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली, जिवंत जाळले गेले, दात पाडले गेले. दात कशासाठी? तर मंत्राचा उच्चार नीट होऊ नये म्हणून. कादंबरीत शब्दांनी बायकांना बळ येते. इथे नसलेल्या मंत्रासाठी तोंड फोडतात. आळ पुरुषांवरही येतो, पण सातपुड्यात, नंदुरबारकडे, 'डाकीण' ठरते ती बाईच.

यामागे पुष्कळदा जमीन असते. झारखंडच्या संथाळ समाजावरील अभ्यासांत हे स्पष्ट दिसते: विधवेचा शेतावर हयातीपुरता हक्क असतो, आणि ती चेटकीण ठरली की भाऊबंदांचा मार्ग मोकळा. शेतीकर्जाच्या फायली हाताळलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. स्त्रीहक्काची खरी कादंबरी इथे होती, असे मला वाटते.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर (20 ऑगस्ट 2013) काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला त्रास देणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे, दंड 5 ते 50 हजार रुपये. पण हा कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. मेदक त्या हद्दीबाहेर आहे.