पवनीचं ऊन आणि मोटरहोमची बॅटरी

‘गाडीतच एसी आहे, मग मे महिन्याची कसली काळजी?’ लेकरांना घेऊन मोटरहोमने पवनीला दोन दिवस जायचा बेत ठरला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि वैनगंगाकाठच्या पवनीची दुपार काही त्याहून फार सौम्य नसते.

हिशेब करून बघा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणून हाताशी उरतात १,२००. एक टनाचा एसी साधारण १,००० वॉट खातो. म्हणजे तासाभरात खेळ संपला. याउलट ३० वॉटचे तीन पंखे रात्रभर, दहा तास चालले तरी ९०० वॉट-तासच लागतात. बाहेरच्या विजेची जोडणी मिळणार नसेल, तर एसीच्या भरवशावर निघूच नका.

‘ऊन कडक, म्हणजे छतावरच्या सोलरला वीजही भरपूर’ हेही खरं नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला वीज सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनेल ६५ अंशांवर तापलं की सोळा टक्के गेलेच. शिवाय गाडी झाडाच्या सावलीत लावायची तर सोलर जवळजवळ विसरायचा. माझं मत विचाराल तर सावलीच निवडा. पत्रा दिवसभर तापला की रात्री दहापर्यंत आत धग राहते.

विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून इथे कूलर एसीपेक्षा शहाणा. १५० वॉटचा छोटा कूलर बॅटरीवर सहा तास सहज चालतो. मात्र खिडक्या उघड्या हव्यात. बंद गाडीत कूलर लावला तर दमट उकाडाच वाढतो. त्याच्यासाठीचं पाणी वेगळं मोजून न्या.

उभ्या, बंद गाडीत ‘पाच मिनिटं’ म्हणून लेकरांना किंवा आजी-आजोबांना ठेवू नका. तापमान सगळ्यात झपाट्याने पहिल्या अर्ध्या तासातच चढतं, आणि काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. झोपताना इंजिन चालू ठेवणंही तितकंच घातक. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. शेगडी शक्यतो बाहेरच पेटवा.

आता नदी. ‘उन्हाळ्यात वैनगंगा आटलेली असते, लेकरं डुंबू देत’ हा समज जुन्या आठवणींवर बेतलेला आहे. पवनीच्या खाली गोसीखुर्दचं धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि आज पवनीपुढचं पाणी हे त्या धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. वरून शांत दिसतं, खाली गाळ किती आणि खोली किती ते कळत नाही. हे पाणी टाकीत भरून पिणंही नको. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, म्हणजे पवनीच्या वरच्या अंगाला. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. आपल्या गाडीच्या संडासाची टाकीही या नदीत रिकामी करायची नाही; आधीच तिच्या वाट्याला खूप आलं आहे.

‘मोटरहोम कुठेही लावता येते.’ नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण त्याने कुणाच्याही जमिनीवर थांबायचा हक्क मिळत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं सांगतो. जंगलाच्या कडेला रस्त्यावर रात्र काढणंही टाळा. मोहफूल आणि तेंदूपानाच्या हंगामात पहाटे जंगलात जाणाऱ्या माणसांची वाघ-अस्वलांशी गाठ पडते, हे इथल्या गावांना नीट ठाऊक आहे. एखाद्या शेतकऱ्याशी आधीच बोलून, विहीर आणि आंब्याची सावली असलेली जागा ठरवून निघा.

‘जड वाहनाचं लायसन्स लागतं’ हा समज मात्र सहज दूर होतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. घरच्या व्हॅनमध्ये स्वतःच पलंग-शेगडी ठोकून घेणं ही वेगळी गोष्ट. त्या बदलाला आरटीओची मंजुरी हवी.

राहिला ‘पवनीत बघायचं काय?’ हा प्रश्न. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर जो स्तूप सापडला, त्याचा व्यास सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही अधिक आहे. मातीचा कोट, नदीचे घाट आणि पंचमुखी गणपती आहेतच. हे सगळं पहाटे साडेपाच ते नऊ या वेळात बघायचं. नागपूरहून दुपारी चारनंतर उमरेड-भिवापूरमार्गे निघालं तर मुक्काम गाठेपर्यंत ऊन उतरलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत परतीला लागलं की गाडीच्या चालत्या एसीवर घर गाठता येतं. दुसरी रात्र काढायचीच असेल, तर मधली दुपार गाडीत न घालवता पक्क्या छपराखाली काढायची सोय आधी करून ठेवा.